मावशीचं बोट

रविवार, १९ जानेवारी

दोन महिने इथे एक ओळ लिहिली नाही. माफी मागायची तर वहीचीच.

आज बोळिंजच्या बाजारात कोळंबीवाल्या मावशीच्या जागी तिची सून बसली होती. मावशी कुठे, म्हणून विचारलं.

"सासूचं बोट कापलं डाक्टरनी. कोळंबीचा काटा लागला व्हता. साखर हाय ना तिला, पार काळं पडलं."

महिन्यापूर्वी त्या बोटाला चिंधी गुंडाळलेली मी पाहिली होती. "दादा, आज घरी सोल," मावशी म्हणाली होती, "पानी लागलं का बोट ठणकतं."

मी म्हणालो, "घरी कोणाला जमत नाही, मावशी. आणि पाठीतला काळा धागाही काढा." जमत नाही कसलं, आळस.

"बायकोला घाबरतोस काय रं?" म्हणत तिने अर्धा किलो सोलून दिली, एकेक धागा ओढून. चिंधीतून पाणी गळत होतं.

माझ्यामुळेच झालं, असं नसेलही. तिच्याकडे दिवसभर गिऱ्हाइकं असतात. पण मला तिने आधीच नको म्हटलं होतं.

सुनेला यातलं काही सांगितलं नाही. कोळंबी तशीच आणून स्वतः सोलायला बसलो. डोकं मोडताना काटा अंगठ्यात घुसला, तेव्हा सगळं टाकून उठलो आणि तीनदा साबणाने हात धुतले. मावशीला मी उठू दिलं नव्हतं. आणि चिंधी ओली आहे, हे मला तेव्हाही दिसत होतं.

उद्या: अर्धी रजा टाकून अर्नाळ्याला मावशीकडे जाणे, आणि हे सुनेसमोर सांगणे.