अकराव्या पानाची वाटणी

मी, ओतिलिये शोउर्कोवा, वय पंच्याहत्तर, राहणार याब्लोनेत्स, टेकडीवरचे शेवटचे घर, हे सगळे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धमकावलेले नाही की गोडीगुलाबीने फितवलेले नाही. मुलगा रादोव्हान गेले तीन दिवस जरा जास्तच वेळा कॉफी करून देतो आहे, तेवढे सोडून. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी रागात लिहिली होती. हे आनंदात लिहिते आहे, आणि आनंद असा की पेन कागदावर ठरत नाही. अक्षर वाकडे आले तर बोल वयाला लावू नये.

नोटरी पेखोवाबाई म्हणाल्या, "सगळं स्वतःच्या हातानं लिहिताय ना, मग साक्षीदार नसले तरी चालतं." मी म्हटले, आमच्या घराण्यात नुसत्या लिहिलेल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, दोन साक्षीदार हवेतच. तेव्हा त्यांनी एकच ताकीद दिली, "मग ज्याला काही मिळणार आहे, त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका." ही ताकीद सर्वांनी लक्षात ठेवावी. पुढे लागणार आहे.

कलम १. राहते घर रादोव्हानला. जिन्यावरचे छप्पर गळते, तेही त्यालाच. घरामागची शेड मात्र त्याची नाही. तिथे मोटार ठेवण्याचे जे मोजमाप त्याने मार्चमध्ये घेतले, ते मी खिडकीतून पाहिले आहे.

कलम २. बँकेत जे निघेल त्यातून माझा अंत्यविधी करावा. फुले कमी, जेवण जास्त.

कलम ३. माझ्या बोटातली अंगठी माझ्याबरोबर जाईल. माझे यजमान बोहुस्लाव जन्मभर म्हणत राहिले, "पुढच्या वर्षी हिऱ्याची घेऊ." पुढचे वर्ष काही आले नाही. शेवटी त्यांनी शेडमध्ये बसून काचेचा एक खडा सहा दिवस घासला, मागे चांदीचा मुलामा दिला आणि अंगठीत जडवून माझ्या बोटात घातला. प्रागच्या एका सोनाराने तो दोनदा भिंगाखाली धरला होता. हिऱ्यापोटी गारगोटी जन्मते असे म्हणतात, आमच्या गावात गारगोटीपोटी हिरा जन्मतो. अंत्ययात्रेला आलेल्या कोणाला ती अंगठी खरी वाटलीच, तर त्याचा गैरसमज दूर करायला कोणी धावू नये.

कलम ४. काचेच्या कपाटातले दागिने. हे नुसते वाटून भागणार नाही, समजून घ्यावे लागेल.

मला खऱ्या दागिन्यांचा हेवा कधी वाटला नाही. वेड मात्र होते आणि आहे. सोनाराच्या खिडकीपुढे उभी राहिले की मला तहानभूक कळत नाही. खडा कसा धरला आहे, साखळीची कडी कडीत कशी गेली आहे, उजेड कुठून शिरतो आणि कुठून बाहेर पडतो, हे सगळे मी डोळ्यांनी घरी घेऊन येत असे. मग काच, पितळ आणि थोडी अक्कल लावून तेच करायचे, आणि असे करायचे की दुकानात काम करणाऱ्या मुलीला शनिवारी नाचाला जाताना घालता यावे. बाईच्या गळ्यात हार पडला की ती मान कशी उचलते ते मी हजारदा पाहिले आहे. माणकाला जेवढी उचलते तेवढीच काचेलाही उचलते.

तर कपाटातला सगळा माल माझ्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी, किंवा रादोव्हानला सुट्टी मिळेल त्या दिवशी, जेवणाच्या टेबलावर मांडावा. येईल त्या प्रत्येक बाईने आवडेल तो एक नग उचलावा. माझी नणंद हेर्मीना हिने माझ्या लग्नात "काच ती काचच" असे म्हटले होते. तिने दोन घ्यावेत, पण आरशासमोर उभे राहून, सर्वांदेखत, घालून बघून.

कलम ५. शेड, गॅसची भट्टी, काच दाबायचे दोन्ही चिमटे आणि रंगीत काचकांड्यांचे सगळे गठ्ठे माझी नात रोझालिये हिला. तिला या कामाची गोडी आहे. कांडी तापवताना ती जीभ बाहेर काढते, मीही काढायची. रादोव्हान, मोटार बाहेर पावसात राहील. मोटारीला सर्दी होत नाही.

कलम ६. लिंडनच्या झाडाच्या पानांच्या हाराचे दहा साचे रोझालियेलाच. अकराव्याचे पुढे सांगते.

कम्युनिस्ट गेले, ऑस्ट्रियाची सीमा उघडली, त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही बस करून व्हिएन्नाला गेलो होतो. खिशात दमडी नव्हती. पाव आणि तळलेले मांस बरोबर बांधले होते, आणि दिवसभर खिडक्या बघत हिंडलो. एका खिडकीत तो हार होता. लाकडी मानेवर पाचूंची अकरा पाने, प्रत्येक निराळ्या मापाचे, सगळी उजवीकडे झुकलेली, जणू एकाच वाऱ्यात. डोळ्यांचे पारणे फिटले. पाव गुंडाळलेल्या कागदावर मी तिथेच उभ्या उभ्या चित्र काढले. बसवाला भोंगा वाजवत होता, लोक शिव्या घालत होते.

घरी आल्यावर कागद धाकट्या बहिणीला दिला. ब्लाझेना साचे कोरायची. सबंध खोऱ्यात तिच्यासारखा हात नव्हता, आणि हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. पोलादात सगळे उलटे कोरावे लागते, तिथले डावे काचेत उजवे उमटते. अकरा पाने म्हणून अकरा साचे तिने दोन महिने कोरले. माल बघायला निर्यातीचे दोन साहेब आले, मी हार मखमलीवर मांडला, आणि पाहते तो शेवटचे, मानेमागचे पान डावीकडे वळलेले.

मी साहेबांसमोरच ओरडले, "पोलादातलं उजवं काचेत डावं होतं, हे शेंबडं पोरही जाणतं! लक्ष कुठे होतं तुझं?"

ती म्हणाली, "तुझ्या कागदावर होतं तसंच कोरलंय."

"आता माझ्यावर ढकल! वर तोंड करून खोटं बोलतेस?"

तिने ॲप्रन सोडला, चार घड्या घातल्या, हत्यारांवर ठेवला आणि गेली. तुर्नोवला शाळेच्या स्वयंपाकघरात तिने नोकरी धरली. ज्या हाताने ती पोलादात पानाच्या शिरा कोरायची, त्याच हाताने पोरांना सूप वाढत राहिली. कोरणी पुन्हा हातात धरली नाही. एकतीस वर्षे झाली. आईच्या अंत्यविधीला आम्ही एकमेकींना ताट दिले, पण एक शब्द बोललो नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आमचे तर सुंभही जळले नव्हते.

नवा साचा करायला वेळ नव्हता, हार तसाच गेला. आणि गाजला! पोरी दुकानात येऊन विचारायच्या, "ते वळून बघणारं पान आहे का?" केस वर बांधले की मानेवर ते एकटे पान मागे बघताना दिसायचे. बायकांना तेच हवे होते. ही कल्पना कोणाची असे लोक विचारत, आणि मी गालात हसत असे. चूक होती तोवर ती ब्लाझेनाची होती. गाजली तशी ती माझी झाली.

या दहा साच्यांना अट एकच. हाराची किंमत दुकानातल्या मुलीच्या एका दिवसाच्या पगाराहून वर जाऊ नये. रोझालिये, तू कितीही मोठी झालीस तरी.

कलम ७. आता अकरावा साचा. हे मृत्युपत्र नव्याने लिहायचे कारणच तो आहे.

सप्टेंबरमध्ये माझ्या वाढदिवसाला रोझालियेने मला प्रागला नेले. खिडक्या बघायला, दुसरे काय! नदीजवळच्या त्या महागड्या रस्त्यावर एका दुकानाच्या खिडकीत (नाव लिहीत नाही, त्यांचे वकील माझ्या घराहून महाग असतील) सोन्यात मढवलेली पाचूंची अकरा पाने. मी काचेला नाक लावले. शेवटचे पान डावीकडे वळलेले होते.

"आजी, आत जाऊ या?" रोझालिये म्हणाली.

"वेडी की काय? माझ्या बुटांना चिखल आहे."

"मग चिखल त्यांच्या गालिच्याला लागेल. आपलं काय जातंय?"

आत पांढरे हातमोजे घातलेली एक मुलगी होती. गोड पोरगी, तिने खुर्ची दिली, हारही गळ्यात घातला. जड होता, गार होता आणि फार फार सुंदर होता. खोटे कशाला बोलू, मी रडले. मग नाक पुसून विचारले, "हे शेवटचं पान उलटं का गं?"

"तीच तर खुबी आहे, मॅडम! आमच्या कलाकाराला जुन्या बाजारात एक काचेचा हार सापडला होता. बोहेमियातला, कोणी अनामिक कारागिराचा. त्यात हे पान असं मागे वळलेलं होतं. त्याला झोपच लागेना, म्हणाला, हे असंच सोन्यात करायचं."

रोझालियेने माझा दंड असा दाबला की डाग चार दिवस राहिला. मी त्या मुलीला म्हटले, "कडी मात्र आमची चांगली होती." तिला काही कळले नाही. बाहेर आल्यावर आम्ही दोघी भिंतीला टेकून पोट धरधरून हसलो. आम्ही त्यांचे बघून काचेत केले, त्यांनी आमचे बघून सोन्यात केले. चोरावर मोर! रादोव्हान म्हणाला, "खटला भर." कशाला? माझ्या अंगावर मूठभर मांस चढले आहे, ते कुठले कोर्ट देणार आहे?

पण घरी आल्यावर मला हुक्की आली की मूळ चित्र शोधावे, चौकटीत लावावे आणि जगाला दाखवावे की बघा, मुळात पान सरळ होते, वळवले ते आम्ही. माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात कागद सापडला. तळलेल्या मांसाचा तेलकट डागही शाबूत होता. दहा पाने उजवीकडे. अकरावे डावीकडे. माझ्याच पेन्सिलीने. आणि शेजारी माझ्याच अक्षरात एक बारीकसा शब्द होता: "आरशात".

तेव्हा ते सगळे आठवले. लाकडी मानेमागे आरसा लावला होता. शेवटचे पान समोरून दिसत नव्हते, मी ते आरशात बघून काढले होते. घरी जाऊन उलटवून घ्यायचे म्हणून तो शब्द लिहिला, आणि बसच्या भोंग्यात विसरून गेले. ब्लाझेनाने जे दिले तेच कोरले होते. तो डबा एकतीस वर्षे माझ्या डोक्यावर, माळ्यावर पडून होता. शिडी लावायचीसुद्धा मला गरज वाटली नाही, इतकी माझी खात्री होती. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. माझे टोचले, पण फार उशिरा.

म्हणून लिहून ठेवते. चूक माझी होती. खोटी मी ठरले, ती नाही. आणि ते पान जगात आहे ते ब्लाझेनाच्या हातामुळे.

अकरावा साचा तिला द्यावा, जर ती माझ्या हातचे काही घेईल तर. त्याच्याशिवाय रोझालियेचे दहा साचे म्हणजे अर्धवट हार, हे दोघींनी ध्यानात घ्यावे. मी तिला पत्र धाडून रविवारी साक्षीदार म्हणून सही करायला बोलावले आहे. कागदोपत्री कामाला ती नाही म्हणत नाही. हे सगळे तिच्यासमोर वाचीन आणि टेबलावर दोन वस्तू ठेवीन, पेन आणि साचा. पेन उचलले तर ती परकी साक्षीदार म्हणून सही करून परत जाईल, आणि साचा इतर दहांबरोबर रोझालियेला जाईल. साचा उचलला तर सही करता येणार नाही. दोन्ही होणे नाही, पेखोवाबाईंची ताकीद वर लिहिली आहे. मी आग्रह करणार नाही. तेवढा हक्क मी गमावला आहे. पण देवा, तिने पेन उचलू नये.

(खालचा मजकूर रविवारी, सही करण्यापूर्वी लिहिला.)

ब्लाझेना आली. रिकाम्या हाताने येणे तिला जमत नाही, खसखशीचा केक आणला. कोट मात्र काढला नाही. शेजारचे ह्लुबुचेक पहिले साक्षीदार म्हणून बसले होते आणि उगाच खोकत होते. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. पाव गुंडाळलेला कागदही तिच्यापुढे ठेवला.

"संपलं?" तिने विचारले.

"संपलं."

"पान उलटं आहे हे मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला आवडलं होतं ते. बाकीची दहा शाळेतल्या पोरींसारखी रांगेत, आणि या एकीला मागे बघावंसं वाटलं. म्हटलं, आमच्या ताईला सुचलं बाई काहीतरी! दोन महिने तेच मनात धरून कोरत होते. आणि तू म्हणालीस, लक्ष कुठे होतं."

ह्लुबुचेक खोकायचेसुद्धा थांबले.

तिने पेन उचलले. टोपण काढले, टोक उजेडात धरून पाहिले. ह्लुबुचेकांनी काय ऐकले होते देव जाणे, त्यांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "इथे, दुसऱ्या ओळीवर करा."

तिने टोपण लावले आणि पेन खाली ठेवले. साचा उचलला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि खाचेतून बोट फिरवले.

"गंज चढू दिलास," ती म्हणाली. "थोडं तेल लावायला काय झालं होतं तुला?"

"ब्लाझेना, सही—"

"मला कशी करता येईल? आत्ताच वाचलंस ना, ताई? ज्याला काही मिळतं, त्याने सही करायची नाही." आणि साचा कोटाच्या खिशात टाकून तिने कोट काढून खुंटीला लावला.

सध्या ती साचा घेऊन शेडमध्ये आहे. रोझालिये तिला तेल शोधून देते आहे. मला मरायची आता मुळीच घाई नाही, पण लिहिले आहे ते लिहिले आहे, आणि ते माझ्या पूर्ण मर्जीने.

याब्लोनेत्स, रविवार, दहा ऑक्टोबर दोन हजार एकवीस.

ओतिलिये शोउर्कोवा (सही)

साक्षीदार:

१. यारोमीर ह्लुबुचेक, शेजारी (सही)

२. झ्देन्का मात्येय्कोवा, पोस्टातल्या बाई, रस्त्यावरून हाक मारून आणलेल्या (सही)

ब्लाझेना ब्रोझोवा, बहीण. हे नाव आधी लिहिले होते, ते खोडले आहे. कलम ७ प्रमाणे साचा घेतल्यामुळे साक्षीस अपात्र.