कानशीखाली गेलेलं नाव

४ मार्च

एक पदक गेलं!

हेडबाईंनी वारलेल्या नवऱ्याची पाच पदकं आणून दिली होती. शाळेतून निवृत्त झाल्यात, पण आवाज अजून वर्गातलाच. 'मास्तर, नव्या फिती, नवी पट्टी. आठ तारखेला दुपारी हवं. यांच्या पलटणीचा मेळावा आहे, यांचं नाव पुकारणारेत.' दुपारी टेबलावर मांडली तेव्हा पाच होती. गिऱ्हाइकाचं माप घेऊन परत वळलो — चार.

मशीनखाली, पायदानाखाली, इस्त्रीच्या घडीत, सगळीकडे पाहिलं. मग आठवलं. मधल्या वेळात टेबल झाडलं होतं आणि चिंध्यांचं पोतं उचलून दिलं होतं.

५ मार्च

चिंध्यावाल्याला गाठलं. 'ते पोतं काल संध्याकाळीच गिरणीत गेलं, मास्तर. लोखंड होतं की काय त्यात?'

लोखंड म्हणे.

७ मार्च

लिहितो. कुणाला सांगणार नाही, निदान इथे तरी लिहितो.

फितींची रुंदी बघायला मी ड्रॉवरमध्ये काही जुनी पदकं ठेवतो. भंगारवाल्याकडून घेतलेली. त्यात हेडबाईंच्या हरवलेल्या पदकाचं सख्खं भावंड निघालं. त्याच लढाईचं, लढाईत होता म्हणून प्रत्येकाला मिळालेलं. शौर्याबिर्याचं नाही. फक्त कडेवर कोरलेलं वेगळं — नंबर, पुढे 'ड्रायव्हर', पुढे नाव.

हेडबाई चष्मा लावून वाचणार. ती जातच तशी.

कानस घेतली.

वीस मिनिटं लागली. आधी नाव गेलं, मग हुद्दा, मग नंबर — उलट्या बाजूने, एकेक आकडा. वरून पॉलिश पेपर मारला. झाली कड गुळगुळीत. चाळीस वर्षं सुईदोरा चालवला, कुणाची गुंडीसुद्धा ठेवून घेतली नाही कधी. आणि आज एक अख्खा माणूस पुसला.

हिने विचारलं, 'कपाळाला काळं काय लागलंय?' धातूची पूड होती.

८ मार्च

हेडबाई येऊन घेऊन गेल्या. पट्टीवरून बोट फिरवलं आणि थांबल्या. 'इथे यांचं नाव होतं ना हो?'

'जुनी पदकं झिजतात, बाई.'

'हो का,' म्हणाल्या. मला शाबासकी दिली. फार छान काम केलंत म्हणाल्या.

१२ मार्च

नंबर जात नाही डोक्यातून. एकेक आकडा घासला म्हणून एकेक पाठ झालाय. बाह्या मोजताना तोच, जिना चढताना तोच. आज एका पाटलोणीवर कंबर बत्तिसऐवजी त्याचे पहिले दोन आकडे लिहिले. गिऱ्हाईक म्हणालं, 'मास्तर, यात मी आणि मेहुणा दोघं मावू.'

नाव मात्र इथे लिहिणार नाही. ज्याने पुसलं त्याने ते मिरवू नये. मी त्याला ड्रायव्हर म्हणतो.

कोण असेल? घरचं कुणी असेल?

१५ मार्च

माजी सैनिकांच्या कार्यालयात गेलो. लांबलचक खोली, खिडक्या बंद, छतापर्यंत रजिस्टरं. कारकून तरुण, सर्दीने बेजार. मी नाव सांगितलं, ड्रायव्हर होता म्हणालो, लढाई सांगितली.

'नंबर?'

'नंबर... नाही.'

'मग अवघड आहे, काका. या नावाचे दोनशे तरी निघतील. जुनी रजिस्टरं नंबरवर लावलेली. नंबर आणा, दहा दिवसांत माणूस काढून देतो.' नाक पुसलं. 'तुम्ही त्यांचे कोण?'

'ओळखीचा.'

'गंमत आहे. याच नावासाठी एक बाई दर वर्षी येतात. बहीण आहे म्हणतात. त्यांच्याकडेही नंबर नाही.' आणि कागदावर पत्ता लिहून दिला. मार्केटमागची गल्ली, रफूचं दुकान.

नंबर जिभेवर होता. सांगितला असता तर पुढचा प्रश्न ठरलेला — कुठे पाहिलात? पदक कुठाय? मग हेडबाई, मग पलटण, मग दुकानावर लोकांची बोटं. कारकुनाचे आभार मानले!

१९ मार्च

रफूवाल्या ताईंकडे गेलो. मुद्दाम कोटाची बाही फाडून नेली. फसवायचंच, तर पूर्ण तयारीने.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक दिवा, एक पाट, मांडीवर कुणाचा तरी स्वेटर. वय सत्तरीच्या पुढे, पण सुईत दोरा पहिल्याच खेपेला ओवतात. माझी बाही पाहिली. 'ही फाटली नाही, फाडलीय.'

कान गरम झाले. 'मीसुद्धा शिंपीच आहे,' म्हणालो.

'म्हणून सरळ फाडलीत.' आणि हसल्या. मला स्टूल दिलं.

कार्यालयात तुमच्याबद्दल ऐकलं, एवढंच सांगितलं. मग त्याच बोलत गेल्या. भाऊ त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा. ट्रक चालवायचा. लढाईत पुढे दारूगोळा न्यायचा आणि येताना जखमींना भरून आणायचा. लढाईनंतर घरी आला तो बदलून. पायरीवर बसून राहायचा. वाटेत ट्रक थांबवायची परवानगी नव्हती, मागून हाका यायच्या, पाणी मागायचे — एवढंच एकदा बोलला.

'मला बघायला पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एकाने सहज विचारलं, लढाईत किती मारले? याने समोरचा तांब्या भिंतीवर फेकला. पाहुणे उठून गेले. मी त्याला म्हणाले, तू तिकडेच मेला असतास तर बरं झालं असतं.'

सुई थांबली नव्हती.

'सकाळी गेला. परत आला नाही. पुढे कुणी म्हणालं, ट्रक दरीत गेला. खरं-खोटं कोण सांगणार? जिवंत असेल तर पत्ता द्या, नसेल तर तसं लिहून द्या — एवढंच मागते मी त्यांच्याकडे. ते म्हणतात, नंबर आणा. नंबर त्याच्या पदकावर होता. पदक तो घेऊन गेला.'

नंबर पुन्हा गिळला. बाही शिवून घेतली. रफू अशी, की फाटलं होतं कुठे ते मलाच सापडेना.

२० मार्च

भित्रा आहे मी. बस्स.

२७ मार्च

काम करतोय आणि उसवतोय. हिने आज मशीनचा पट्टा काढून ठेवला आणि समोर बसली. 'आता बोला.' बोललो. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही — हे लग्नानंतर पहिल्यांदाच. शेवटी म्हणाली, 'पदक हरवलं तो अपघात. पुढचं सगळं तुम्ही केलंत. तेव्हा निस्तरायचंही तुम्हीच. मी सोबत येणार नाही.'

'लोक काय म्हणतील?'

'जे मी आत्ता मनात म्हणतेय तेच.'

४ एप्रिल

आठ दिवस घालवले तरी. आज हेडबाईंकडे गेलो.

पट्टी भिंतीवर, फोटोखाली लावलेली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्या खुर्चीत ताठ.

'हरवलं म्हणाला असतात तर मी चार दिवस बोलले नसते तुमच्याशी. पाचव्या दिवशी बोलले असते,' म्हणाल्या. 'यांच्या मेळाव्यात पट्टी हातात घेऊन उभी होते मी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला वाजवल्या हो त्या?'



पट्टी काढून हातात दिली. 'त्यांचं त्यांना द्या. आमची चार नीट लावून आणा. पाचव्याची जागा मोकळी ठेवा. आणि मास्तर — पुन्हा माझ्या दारात येताना खाली मान घालून येऊ नका, मला राग येतो.'

मला वाटलं होतं हाकलतील. हाकललं असतं तर सोपं गेलं असतं.

५ एप्रिल

ताईंना पदक दिलं. कड दाखवली. सांगितलं — मी घासली. नंबर म्हणून दाखवला, सगळे आकडे.

त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, पूर्ण गोल. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, 'परत म्हणा.' परत म्हटला. त्यांनी खडूने पाटीवर लिहून घेतला.

'तुम्ही एकोणीस तारखेला इथे बसला होता तेव्हा पाठ होता हा?'

'हो.'

'सतरा दिवस,' म्हणाल्या. मग शाल घेतली, दुकानाला कुलूप घातलं. 'चला कार्यालयात. तुम्ही सांगा, मी उभी राहते.'

कारकुनासमोर सगळं ओकलो. त्याने लिहून घेतलं, सही घेतली. पदकाशी छेडछाड केली म्हणून वर कळवावं लागेल म्हणाला. कळव बाबा. परत येताना ताई बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या नाहीत. पण उतरताना माझ्यासाठी थांबल्या.

११ एप्रिल

ताई दुकानावर आल्या होत्या. काही काम नव्हतं. 'इकडून जात होते,' म्हणाल्या. ही आणि त्या तासभर काजांवर बोलत होत्या. जाताना मला म्हणाल्या, 'भेटलाच तर आधी माफी कुणी मागायची, तुम्ही की मी?'

दोघंही हसलो. किती दिवसांनी!

१६ एप्रिल

कारकुनाचा फोन. माणूस सापडला.

ट्रक दरीत गेलाच नव्हता. बसने दोन तासांवर एका शीतगृहाच्या फाटकावर पहारेकरी होता. एकटाच राहायचा. वारसाच्या रकान्यात बहीण, पत्ता जुन्या घराचा. ते घर पडून वर्षं झाली.

२९ मार्चला गेला.

मी कारकुनाच्या टेबलासमोर गप्प उभा होतो तेव्हा तो जिवंत होता. ताईंसमोर स्टुलावर बसलो होतो तेव्हाही.

कारकून म्हणाला, 'बाईंना पत्राने कळवू का?' म्हटलं नको, मी जातो. तारखेसकट सांगणार आहे.