सहाशे ग्रॅम संत्र्याचं चिकन

३ मार्च, सोमवार

रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल दोनशे सत्तर. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काय खाता? खरं ते सांगितलं: दर शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानातलं संत्र्याचं चिकन. सहा वर्षांपूर्वी एकदा रिपोर्ट बिघडला होता, तो चिकन न सोडता आपोआप सुधारला. माझी प्रकृतीच तशी. तेव्हा दोष चिकनचा नाही. डॉक्टर म्हणाले, मग गेल्या आठ महिन्यांत काय बदललं? म्हटलं, काही नाही. नळाचं पाणी जरा जड येतंय.

ही जाऊन आठ महिने झाले, ते सांगितलं नाही. त्यांना ठाऊक आहे.

लेकीचा फोन. म्हणाली, तेवीसला येते. स्वतःचं नीट करून खाताय असं दिसलं तर ठीक, नाहीतर बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं. मला घर सोडायचं नाही. इथलं पाणी चांगलं आहे.

निश्चय: तेच चिकन घरी करणार. तळायचं नाही, ओव्हनमध्ये भाजायचं. साखर निम्मी. एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. खोटा काटा लांबून ओळखायचो. माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्माला यायचाय. एक चिकन काय जड आहे?

५ मार्च, बुधवार

फ्रीझर साफ केला. तळाशी बर्फात दुकानाचा एक जुना डबा निघाला, हिनेच कधीतरी आणून ठेवलेला. सवयीने काट्यावर ठेवला. डब्याचे वीस वजा जाता सहाशे ग्रॅम. बरोबर. तेव्हा दुकान प्रामाणिक होतं. ही गेल्यापासून पाचशे चाळीस देतात, आणि चवीची तर पार वाट लावलीय.

नव्या आयुष्याची सुरुवात म्हणून डबा टाकून दिला. कचऱ्याची गाडी वेळेवर आली. हलकं वाटलं.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी सहा

प्रयोग पहिला. मध, व्हिनेगर, सोया सॉस, संत्र्याचा रस, सगळं वजन करून. चिकनचा दगड झाला. काट्याचा दोष नाही. ओव्हन जुना आहे.

सॉस ढवळताना गॅस कोणीतरी बारीक केला असं वाटलं. मागे खुंटीवर हिचा एप्रन आहे. वळून पाहिलं नाही. घाबरून नव्हे, मी भूतबीत मानत नाही. नजर काढली असती तर सॉस करपला असता. करपलाच, ती गोष्ट वेगळी.

आणखी एक. पूर्वी ही मला दर शनिवारी दोन ते पाच वाचनालयात पिटाळायची. परत येताना जिन्यात लसूण परतल्याचा वास यायचा. शेजाऱ्यांकडचा. आठ महिन्यांत एकदाही आला नाही. त्यांनी पथ्य धरलेलं दिसतं.

१२ मार्च, बुधवार

दुसरा आणि तिसरा प्रयोग. दुसरा कडू. तिसऱ्याबद्दल लिहीत नाही. प्रगती आहे.

१५ मार्च, शनिवार

दुकानातलं मागवलं. फक्त तुलनेसाठी. संपवलं, कारण अर्धवट तुलना करू नये. आधी मोजलं होतं, पाचशे चाळीस. काटा पिशवीत घालून तडक दुकानात गेलो. आजवर तिथे पाऊल टाकलं नव्हतं, डबा हीच आणायची. मालक म्हणाला, साहेब, पहिल्या दिवसापासून पाचशेच देतो, चाळीस वरकड. पाटीवरही पाचशेच होतं. पाटी नवी असणार.

पत्ता सांगितल्यावर त्याने हातातला झारा खाली ठेवला. विचारलं, बाई बऱ्या आहेत ना? सांगितलं. म्हणाला, अरेरे, त्यांच्यासाठी रिकामे डबे अजून बाजूला काढून ठेवलेत, दर महिन्याला न्यायच्या. अडचणीत आलेला व्यापारी असाच विषय बदलतो. रिकामे डबे घेऊन मी काय करू? चांगला दम भरून आलो.

येताना पिशवी दोनदा खाली ठेवावी लागली. काटा जड आहे.

१९ मार्च, बुधवार

प्रयोग पाचवा. (चौथा ओव्हनमधून निघतच नाही.) ढवळताना वाटलं, ही मागच्या खुर्चीत बसून हसतेय. हसायची तशीच, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. मी मोठ्यानं म्हटलं, हसतेस काय? तुला तरी कुठे दुकानासारखं जमत होतं?

हे मी ती असतानाही म्हणायचो. दर शनिवारी, खाताखाता. त्या माणसाकडून शिकून ये जरा, म्हणायचो. ती मान डोलवायची आणि आणखी एक चमचा वाढायची.

खुर्ची रिकामी होती. अर्थातच. तरी तिच्यावर पाय ठेवून बसवेना.

२३ मार्च, रविवार

सकाळी सहावा प्रयोग जळाला. लेक साडेबाराला येणार. दुकानातून दोन डबे मागवले, कढईत ओतले, वर संत्र्याची साल किसून टाकली. रिकामे डबे कचऱ्यात अगदी खाली दडपले. याला फसवणूक म्हणत नाहीत. घराचा प्रश्न आहे.

लेकीने एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. म्हणाली, बाबा, हे दुकानातलं आहे. कशावरून, विचारलं. म्हणाली, आईचं एवढं तेलकट कधी नसायचं.

म्हटलं, आईचा काय संबंध? आई दुकानातूनच आणायची.

तिने ताट बाजूला सारलं. मग तिने सांगितलं. सहा वर्षांपूर्वी रिपोर्ट बिघडला तेव्हा ही तीन दुपारी त्या दुकानाच्या स्वयंपाकघरात उभी राहून शिकली. तेल काढलं, साखर निम्मी केली. मी वाचनालयात असताना घरी करायची, दुकानाच्या डब्यात भरायची, तेही माझ्याच काट्यावर मोजून. घरचं आहे म्हटलं तर बाबा तोंड वाकडं करतील, म्हणायची.

सहा वर्षं. लेकीला माहीत, दुकानदाराला माहीत.

म्हटलं, मला संशय होताच.

मग लेक म्हणाली, हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्या दिवशी आईला उभंही राहवत नव्हतं, तरी तिने एक डबा करून फ्रीझरमध्ये ठेवला होता, तुमची उपासमार नको म्हणून. खाल्लात ना?

म्हटलं, हो तर. छान होता.

२४ मार्च, सोमवार

जिन्यात शेजारी भेटले. विचारलं, शनिवारी दुपारी लसूण परतणं बंद केलंत का? म्हणाले, शनिवारी आम्ही दोघंही कामावर असतो, संध्याकाळी सातला येतो. पहिल्यापासून.

लेकीने घराचा विषय पुन्हा काढला नाही. मीच म्हटलं, येतो तुझ्याकडे. तिला नवल वाटलं. पाण्याचं काय, म्हणाली. पाण्याचं काही नव्हतंच. ही अजून या घरात आहे असं मला वाटायचं, म्हणून निघवत नव्हतं. आणि होतीही, पाच तारखेपर्यंत.

बॅग भरली. एप्रन घेतला, काटा नाही.

निघण्याआधी पाच तारखेचं पान पुन्हा वाचलं. सहाशे ग्रॅम, बरोबर, असं लिहिलंय. खाली लिहिलंय, कचऱ्याची गाडी वेळेवर आली.