रव्याच्या डब्यामागची बाटली

रविवार, १३ एप्रिल
सगळ्यांच्या आधी मयूराच आली, तीही अर्धा तास लवकर, आणि सरळ ओट्याशी. सोबत तिची तीन वर्षांची चिन्मयी. पोर माझ्या पदरात शिरली ती निघेच ना. मला परदेशात, या ट्रुगानिनात येऊन आठच दिवस झाले, पण सून अपर्णा हिच्या मैत्रिणींनी चैत्राच्या हळदीकुंकवाला घर भरून टाकलं. जीव सुखावला बाई. पन्ह्याने तेवढं नाक कापलं. दुकानातली गोठवलेली कैरी, तिला ना वास ना चव. मयूरा म्हणाली, काकू, हे तर साखरपाणी. तरी चिन्मयी दोन पेले प्यायली. बुधवारी परत येतो म्हणाल्यात. तेव्हा दाखवतेच.

सोमवार
कैरीचं गाऱ्हाणं अपर्णाला सांगितलं तर तिचं डोकं फोनमध्ये. मुलगा केतन ऑफिसात. या घरात माझं ऐकतंय कोण. लाडवांना रवा काढायला गेले तर डब्यामागे बोटभर बाटली, वर पिवळ्याधमक आंब्याचं चित्र. बारीक इंग्रजी मला कुठलं वाचता येतंय, मी तिसरी पास. उघडली तर हापूसची पेटीच फोडल्यासारखं. घरात एवढा चांगला इसेन्स आणि मला कोणी सांगू नये? नव्या पन्ह्यात सगळी ओतली.

मंगळवार
दुपारी मयूरा रविवारी नेलेला डबा दारातूनच परत देऊन निघाली. मी तिला पन्हं दिलं, बरणी भरून. चिन्मयी झोपून उठली की देते म्हणाली. पोर गाडीतून हात हलवत होती.

मग मी उरलेलं चमचाभर चाखलं. जीभ चरचरली, तोंडाला पाणी सुटलं, घर गरगरलं, उलटी झाली. अपर्णाला फोन केला तर म्हणे, आई, प्रवासाचा शीण असेल, पडून राहा. शीण दहा दिवसांनी येतो होय?

मंगळवार, चार वाजता
केतन लवकर आला. डब्यामागे चाचपतोय. बाटली त्याची. पेनासारख्या नळीत घालून धूर ओढतात तसलं पाणी. आत निकोटिन. ओढणं सोडलंय म्हणून अपर्णाला सांगितलेलं. तिला बोलू नकोस म्हणाला. मी म्हटलं, मी ते पन्ह्यात घातलं, आणि ते मयूराने चिन्मयीसाठी नेलंय. तो फोन काढत फ्रिजकडे धावला. मेल्या, आईला तरी सांगायचंस —

फ्रिजवर चिकटवलेल्या विषबाधा-मदतीच्या नंबराला त्याने फोन लावला. फोनवरची बाई शांत होती. असे फोन हल्ली वाढलेत म्हणाली, जास्त लहान पोरांचेच. चिन्मयीचं वजन किती, प्यायली किती — मला काय ठाऊक. तिकडे ॲम्ब्युलन्स पाठवली. माझ्यासाठीही येतेय. केतनला म्हटलं, तू आधी पोरीकडे पळ.

मयूराचा फोन नुसता वाजतोय —

साडेचार. उठली असेल आता —

हाताचा आंब्याचा वास साबणाने जात नाही —

बुधवारी येते म्हणाली होती. चिन्मयीला घेऊन. उद्या बुधव—