दाढ, कॅप आणि लाल बटण

३ मार्च, सोमवार
दाताचा विषय आज कायमचा निकालात काढला. डावीकडची खालची दाढ कधीची ठणकतेय, म्हणून यापुढे फक्त उजवीकडून जेवायचं. बिस्कीट कारखान्यात देखभाल सांभाळतो मी. एक बाजू बंद ठेवून दुसरीवर काम कसं चालवायचं, हे मला कुणी शिकवू नये.
मेहुणी दातांची डॉक्टर आहे. बायकोने तिला फोन केलाच. चहाडखोर!

५ मार्च, बुधवार
गाल टम्म फुगला. साहेबांनी विचारलं, तोंडात काय भरलंय. नाइलाजाने मेहुणीकडे. एक्स-रे बघून ती म्हणाली, भावजी, नस गेलीय, रूट कॅनाल करावं लागेल. गोळ्या दिल्या. मी म्हटलं, विचार करून सांगतो. बायको म्हणाली, विचार झालाय, सोमवारी सकाळी दहाला.

९ मार्च, रविवार
रूट कॅनालबद्दल इंटरनेटवर वाचलं. झक मारली आणि वाचलं. बायकोला विम्याचे कागद कुठे आहेत ते दाखवायला गेलो. ते तिनेच ठेवलेत म्हणे.

१० मार्च, सोमवार. दुपारी
जिवंत आहे.
फार धीराने घेतलं. (मी किंचाळलो असं मेहुणी म्हणते. म्हणे तेव्हा ती नुसती खुर्ची मागे करत होती.) एक इंजेक्शन, जबडा बधिर. दाढेभोवती रबराचा पडदा. मग केसाएवढ्या बारीक सुया आत घालून मुळं साफ केली, भरली, वरून बंद. तासाभरात मोकळा. दुखलं काहीच नाही. मधेच मी घोरत होतो, ही शुद्ध अफवा आहे.
निघताना तिने बजावलं की दाढ आता ठिसूळ झालीय, वर कॅप बसवेपर्यंत त्या बाजूने कडक काही चावायचं नाही. बरं म्हटलं.

२४ मार्च, सोमवार
कॅपसाठी बोलावलं होतं. गेलो नाही. दुखत नाही त्या दाताला टोपी कशाला? त्याला काय थंडी वाजतेय?
शिवाय वेळ कुणाला आहे! कारखान्यात नवी लाइन बसतेय. पहिल्या दिवशी न अडता चालली, तर देखभालप्रमुख मीच, असं साहेब म्हणालेत. आज माझ्या हाताखालच्या पोरांना चांगलं झापलं. म्हटलं, किरकोळ समजून पुढे ढकललेलं कामच एक दिवस अख्खी लाइन बंद पाडतं. साहेबांनीही मान डोलावली.

२९ मार्च, शनिवार
मेहुणीचा फोन. बायकोने उचलला. मी बाथरूममध्ये होतो. बराच वेळ.

४ एप्रिल, शुक्रवार
लाइन सुरू झाली. लोण्यासारखी चालली! साहेबांनी पहिलं बिस्कीट मानाने माझ्या हातात दिलं. उत्साहाच्या भरात कुठली बाजू, काय, काही भान राहिलं नाही. कचकन चावलं. कट्ट. तोंडात काहीतरी टणक.
आमच्याकडे नियम साफ आहे. मालात टणक वस्तू सापडली की लाइन बंद. क्षणाचाही विलंब न लावता मी लाल बटण दाबलं. पीठ मळणाऱ्या विभागाच्या माणसाला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, चाळण्या तपासता की झोपा काढता? बिचारा घामाघूम झाला. तुकडा मी पुरावा म्हणून उंच धरला.
तपासणीच्या मॅडमनी तो भिंगाखाली ठेवला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, सर, जरा आ करता का?

७ एप्रिल, सोमवार
दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती. काढावी लागली. मेहुणी चकार शब्द बोलली नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.
पीठवाल्याची माफी मागितली. तोंडात बोळा होता, त्याला किती कळलं कोण जाणे. प्रमुखपदाचं साहेब पुढच्या वर्षी बघणार आहेत. लाइन उत्तम चाललीय. त्या दिवशीही उत्तमच चालली होती, मीच ती बंद केली. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.
संध्याकाळी उजवीकडची एक दाढ बारीक ठणकायला लागली. म्हटलं काळजी नाही, थोडे दिवस डावीकडून जेवू. मग आठवलं.