बैलांनी खाल्लेलं घर

बाबा, तुमच्या नातवाने एक जुनी व्हॅन आणली आहे आणि गेले पंधरा दिवस माझं डोकं खाल्लं आहे. तिच्यात तो पलंग बसवणार, स्टोव्ह बसवणार, पाण्याची टाकी बसवणार, आणि उन्हाळ्यात मला घेऊन सातपुड्याच्या घाटांतून हिंडणार. मी साठीला आलेली बाई. मला माझी खाट, माझा माठ आणि माझा पंखा पुरे आहे. पण ऐकतो कोण? हा पोरगा नाकाने त्याच्या वडिलांवर गेला आणि डोक्याने तुमच्यावर. काल हातात टेप घेऊन अंगणातून ओरडला, "आई, याच्या भिंतीत काय भरू? आबाजीनं कापूस भरला होता ना?" सगळं घर खो खो हसलं. मीही हसले. ती गोष्ट या घरात मीच तर शंभरदा सांगितली आहे. पण मग मला जेवण गेलं नाही, म्हणून आज सकाळची कामं टाकून तुम्हाला लिहायला बसले आहे.

खरं तर भांडायलाच बसले आहे. तुमच्याशी भांडण कधी पूर्ण झालंच नाही. तुम्ही उत्तरच द्यायचा नाहीत.

आईचा दमा तेव्हा दोन वर्षांचा झाला होता. तिला आडवं होऊन झोपता येत नसे. भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर उशी घेऊन ती बसल्या बसल्या डोळे मिटायची. खामगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, चैत्र-वैशाख वरती डोंगरात काढा, धूळ नाही अशा हवेत. किती सरळ गोष्ट होती, बाबा! सातपुड्याच्या पठारावर जंगल खात्याचा पडाव होता. थंडीत तिथे साहेब लोकांचे तंबू लागत आणि उन्हाळ्यात पास काढला की कोणालाही उतरता येई. सोनाळ्यापर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे बैलगाडी, वर एक राहुटी. दोन दिवसांत आई वर पोहोचली असती. पण ती म्हणाली, "मी नाही राहत तंबूत. न भिंत, न दार. आन् लोकाइच्या घरी तर मुळीच नाही." तिने असं म्हणायचा अवकाश, तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "मंग आपलं घरच घेऊन जाऊ!"

दुसरा कोणी असता तर हे बोलून हसला असता. तुम्ही दसऱ्याच्या आत एक मोडकी लॉरी दारात आणून उभी केलीत.

पिंपळगाव राजाचे मिस्त्रीचाचा आठवतात ना? लोहारकाम, सुतारकाम, मोटार चालवणं, सगळं एका माणसात. ते आणि तुम्ही दसऱ्यापासून चैत्रापर्यंत ठोकत बसलात. सहा महिने! आई आत खोकतेय आणि तुम्ही बाहेर फळ्या रंधताय. वर टिनाचं छप्पर, बाजूंना बांबूच्या तट्ट्यांच्या दुहेरी भिंती, आतून शेणामातीने सारवलेल्या. मातीची चूलसुद्धा आत घातलीत, आणि आईला सवय म्हणून आख्खं दगडी जातं. गावातली माणसं येता-जाता "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर" म्हणून हसायची. तुम्हाला ती शाबासकी वाटायची.

आणि तो कापूस. टिन तापेल, भिंती तापतील, म्हणून दोन तट्ट्यांच्या मधल्या पोकळीत कापूस भरायचा, हे तुमचं डोकं. तोही जिनिंगमधून काढलेली रुई नाही, घरचा, सरकीसकट. मिस्त्रीचाचांनी हातातला हातोडा खाली ठेवला होता.

"पाटील, भाभीले दमा हाये. जिनिंगातल्या बायाइले पाहा, साऱ्या खोकतात. तनीस भरा, पन कापूस नका भरू."

"तनसात उंदरं होतात."

"मंग रुई तरी भरा. सरकी कायले?"

"रुई दबून बसते, मिस्त्री. सरकीचा कापूस फुगलेला राह्यते. कापसाचं मले सांगू नको, माह्या बापानं कापूसच केला."

मिस्त्रीचाचा माझ्याकडे बघून पुटपुटले, "तुया बापाले समजावन्यापेक्षा लॉरीले समजावनं सोपं हाये, बेटी." मग त्यांनी दोन्ही तट्ट्यांच्या कडा इतक्या घट्ट शिवल्या, वरून इतकं जाड सारवण केलं, की कापसाचा एक तंतू आत येणार नाही. तेवढं एक शहाणपणाचं काम त्या गाडीत झालं होतं.

निघायच्या दिवशी तुम्ही मला चाकू दिलात. मिटता येणारा, लाकडी मुठीचा. मी दहा वर्षांची, मला काहीतरी काम हवं म्हणून भुणभुण लावली होती. "हे घे. या घराची कारभारीन तू. आंबे चिरनं तुयाकडं." मी तो परकराच्या नाडीला बांधला आणि त्या दिवसापुरती तुमच्यावरची सगळी चिडचिड विसरले. तुमचं हे असंच होतं. माणूस रागवायला बसला की तुम्ही त्याच्या हातात काहीतरी ठेवायचा.

वडनेर भोलजीवरून निघालो तेव्हा अर्धा गाव मागे धावला. पूर्णेच्या वाळूत लॉरी रुतली, ती बैलजोडी लावून काढावी लागली. म्हणजे जे बैल आम्हाला थेट घेऊन गेले असते, त्यांनीच तुमची मोटार ओढली. सोनाळ्याच्या पुढे जंगलाचा नाका. नाकेदाराने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खिडकीतून आत चुलीकडे बघितलं, जात्याकडे बघितलं, आईकडे बघून मान खाली घातली.

"हे गाडी हाये का घर हाये?"

"घर हाये," तुम्ही ताठ मानेने.

"घराले पास नाही देता येत. मोटार म्हना, लगेच देतो."

कोणीही "मोटार" म्हणाला असता. तुम्ही तासभर वाद घातलात. वर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' छापलेला तो कागद नाकेदार उलटा-सुलटा करून दाखवतोय, हे बैलाचं, हे गाडीचं, हे मोटारीचं, घर कुठी लिहू सांगा, आणि उन्हात आई बसलीय. शेवटी तीच आतून बोलली, "मोटार म्हना हो. घर काय पळून चाललं?" तेव्हा कुठे आम्ही सुटलो.

घाट सुरू झाला आणि तुमच्या घराचं वजन आम्हाला कळलं. पहिल्या चढावर लॉरीने मान टाकली. मी मागच्या चाकाखाली दगड सरकवतेय, मिस्त्रीचाचा गाडीला आणि अल्लाला एकाच दमात हाका मारतायत, आणि तुम्ही जात्याची एक तळी खांद्यावर घेऊन चढ चढताय. ती वर ठेवायची, खाली यायचं, दुसरी न्यायची. चूल तर दुसऱ्या वळणावरच दुभंगली. आई रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली बसलेली, तुमच्याकडे बघत. मला वाटलं चिडली असेल. मी तर रडकुंडीला आले होते. पण ती पदर तोंडाला लावून हसत होती. मला तेव्हा तिचाही राग आला.

दिवस मावळायच्या आधी आम्ही पठारावर पोहोचलो. पडावावर एक मोठी विहीर, आंब्याची चार झाडं, आणि बांबू उतरवून नेणाऱ्या गाड्यांचा मुक्काम, दहा-बारा गाड्या आणि त्यांचे बैल. वारा असा की अंगावरचा घाम लगेच वाळला. आईने खाली उतरून श्वास घेतला, बाबा. मी शेजारीच उभी होते. छातीत शिट्टी वाजली नाही. तिने स्वतः हट्टाने जातं मांडायला लावलं, तुम्ही आणि मिस्त्रीचाचांनी तीन दगडांची चूल केलीत, आणि ती दोन भाकरी खाऊन तुम्ही बांधलेल्या पलंगावर आडवी झाली. उताणी, हात पसरून, उशी बाजूला टाकून. दोन वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही दारात उभे राहून बघत होता. मला बोटाने चूप म्हणालात. मी तर आधीच चूप होते.

पुढची गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे, आणि दर वेळी लोक हसले आहेत. पहाटे गाडीवानांनी बैल चरायला सोडले. ते गवताकडे गेलेच नाहीत. सरकी म्हणजे बैलाचा लाडू. वऱ्हाडातलं शेंबडं पोरही हे जाणतं, आणि तुम्ही तर आख्खं घर सरकीने भरलेलं. जाग आली तेव्हा गाडी हलत होती. एका बाजूची तट्टी उसवून खाली आली होती, आतल्या सारवणातून शिंग आलं होतं, आणि बाहेर बैलांची मातीने माखलेली तोंडं तुमची भिंत रवंथ करत होती. तुम्ही धोतर सावरत काठी घेऊन धावलात, गाडीवान धावले. एक म्हातारा गाडीवान म्हणाला, "पाटील, सरकीची ढेप खाऊ घालतात हे आयकलं होतं, पन घर खाऊ घालनारा मानूस पयलाच पाह्यला." इथे ऐकणारे हसून लोटपोट होतात आणि मी गोष्ट थांबवते.

कारण त्याच वेळी आत कापूस उडत होता. वारा मोकळा आत शिरला होता आणि पांढरे तंतू पलंगावर, आईच्या केसांत, नाकातोंडात. ती उठून बसली होती, तोंड उघडं, ओठ निळे, आणि श्वास आत जात नव्हता. तुम्ही तिला उचलून विहिरीपाशी नेलंत. ऊन वर आलं तेव्हा कुठे ती बोलली, आणि काय बोलली आठवतं? "उतरायचं नाही. इथंच झाडाखाली राहू. मले भिंती नको आता."

ऐकलं होतंत ना? जिला भिंतीशिवाय नको होतं, ती स्वतः म्हणत होती की भिंती नकोत. एवढंच तर हवं होतं! आंब्याची सावली होती, विहीर होती, हवा तर होतीच. आणि तुम्ही, ज्यांनी जन्मात कोणाचं ऐकून माघार घेतली नाही, नेमके त्या दिवशी घाबरलात. "नाही. तुया श्वासाशी खेळ नाही करत मी." गाडीला एक फेरी मारलीत. मागच्या चाकाशी वाकून उसवलेली तट्टी हातात घेऊन बघितलीत, बराच वेळ बघितलीत. मग माझ्याकडे आलात आणि म्हणालात, "चाकू दे इकडं." मी नाडीची गाठ सोडून दिला. तुम्ही तो बंडीच्या खिशात टाकलात, आणि दुपारच्या आत आपण घाट उतरत होतो.

त्यानंतर ती लॉरी गोठ्याशेजारी उभी राहिली आणि तिच्यात कोंबड्या बसू लागल्या. दर चैत्रात तुम्ही म्हणायचा, औंदा भिंती निराळ्या करू. केल्या नाहीत. आई अजून सात वर्षं जगली, गुडघ्यांवर उशी घेऊन. पुन्हा कधी आडवी होऊन झोपली नाही. तिच्या तेराव्याला, साऱ्या सोयऱ्यांसमोर, पंगत बसलेली असताना, मी तुम्हाला म्हणाले, "तुमच्या कापसानं आईचा जीव घेतला." वाढणाऱ्याचा हात थांबला. तुम्ही पानावरून मान वर केलीत, माझ्याकडे नीट बघितलंत आणि म्हणालात, "हाव, बाई. कापूस मीच भरला." आणि जेवू लागलात. मिस्त्रीचाचा पलीकडे बसले होते, त्यांनी तोंड उघडलं, तर तुम्ही त्यांना हाताने थांबवलंत.

मला तुमचा तेव्हा किती संताप आला असेल! भांडायचं होतं मला. तुम्ही म्हणायला हवं होतं की मिस्त्रीने भिंत पक्की शिवली होती. सारवण जाड होतं, कापूस आत येणं शक्य नव्हतं, बैलांना वास लागणंही शक्य नव्हतं, कोणीतरी भिंत उघडून दिल्याशिवाय. हे सगळं खरं होतं, आणि तुम्ही त्यातलं एक अक्षर बोलला नाहीत.

पडावावरच्या त्या संध्याकाळी आई झोपल्यावर मला करमेना. पाणी प्यायला सोडलेला एक पांढरा बैल भिंतीला अंग घासत होता, डोळे इतके गरीब. मी मागच्या चाकाशी बसून तुम्ही दिलेल्या चाकूने बाहेरची तट्टी कापली. नीट चौकोन, वीतभर, तुम्ही खिडकी कापली होती तसा. मूठ मूठ सरकी काढून त्याला भरवली. त्याची जीभ खरखरीत होती. मग दुसरा आला. मला वाटलं, एवढ्या मोठ्या भिंतीतून एवढुशी गेली तर काय होतं. भोक तसंच उघडं टाकून मी झोपायला गेले.

बैल चौकोनी भोक पाडत नाहीत, बाबा. तुम्ही ते हातात धरून बघितलं होतं. चाकू मागितलात तेव्हाच मला कळलं की तुम्हाला कळलं. आणि मी तरीही तेराव्याला ते बोलले. तुम्ही गप्प राहाल याची मला खात्री होती, म्हणूनच बोलले.

तुम्ही गेल्यावर तुमच्या पेटीत तो चाकू सापडला, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला. हे पत्रही त्याच पेटीत जाईल. धाडायचं तरी कुठे? अंगणातून पोरगा पुन्हा विचारतोय, भिंतीत काय भरू. त्याला सांगेन, काही भरू नको, झाडाखाली झोपू. आबाजीने काय केलं ते मात्र तो पुन्हा हसत सांगेल, आणि मी पुन्हा हसेन, कारण खरं सांगायची हिंमत मला आजही नाही. चाकूची धार अजून चांगली आहे. आंबे मी विळीवरच चिरते.