पंचकल्याणी कोकिळा

१३ नोव्हेंबर २०२२, रविवार
आज शिंगरू घेतलं. मादी. काळीभोर, चारही पाय खाली पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. म्हणजे अस्सल पंचकल्याणी! अख्ख्या जव्हारात अशी शुभ घोडी कुणाकडे नाही. नाव ठेवलं कोकिळा. विकणारा नाशिककडचा, फार बोलका. म्हणे, साहेब, हिची आई बघून घ्या. आई पांढरीफटक. म्हटलं, मला आई न्यायची नाही. पोरीच्या डोळ्यांभोवती जरा राख लागल्यासारखं आहे. रुमालाने पुसलं. निघालं नाही. पुढे निघेल.
संकल्प: मोठी झाली की दसऱ्याच्या मिरवणुकीत लगाम धरून मी पुढे. ऑफिसात सांगून टाकलं.

१ जानेवारी २०२३
कोकिळा जामसरला आपल्या प्लॉटवर. तिचं सगळं भागी बघते. शेजारच्या पाड्यातली, रोजावर काम करणारी बाई. बरी आहे. पण घोड्याला मालकाची ओळख पाहिजे. दर रविवारी जाणार म्हणजे जाणार.

२३ जुलै २०२३
पाऊस. गेलो नाही. त्याआधी ऊन होतं. त्याआधी इयर एन्डिंग.

१० मार्च २०२४
भागी बाजारात भेटली. म्हणाली, साहेब, घोडी राखी व्हत चालली, येऊन बघा. म्हटलं, धूळ असेल, नीट धूत जा. शाम्पूची बाटली घेऊन दिली. विद्युल्लता म्हणाली, एकदा जाऊन का येत नाही? बायकोला ऑडिट काय असतं ते कळत नाही.

२८ सप्टेंबर २०२५, रविवार
दसरा आला. सकाळी केसांना डाय लावला, टेम्पो ठरवला, कोकिळेला आणायला गेलो. खुंट्याला भलतीच घोडी! राखाडी-पांढरी, अंगावर रुपयाएवढाले ठिपके. कपाळावर पट्टा नाही, पायांना पांढरं नाही. पाच खुणांतली एकही नाही. मी शेवटचा कधी गेलो होतो ते आठवत नाही, पण पारखी नजर फसत नाही. सगळा पाडा जमला होता, तिथेच भागीला विचारलं, माझी घोडी कुठे विकलीस? ती म्हणाली, हीच ती साहेब, दुसरी मी कुठून आणू? मी चोर म्हणालो. दोनदा. घोडीनं भागीच्या खांद्यावर मान टाकली. हे शिकवलेलं असणार. घोडी पुरावा म्हणून घरी आणली.

३० सप्टेंबर
पोलिसांत जाण्याआधी दाखला असावा म्हणून गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. सुशील नावाचे, तरुण आहेत. त्यांनी बादलीभर पाणी मागितलं आणि घोडीच्या तोंडावर ओतलं. केस भिजून चिकटले आणि कपाळावर गुलाबी पट्टा उमटला. मग पायांवर ओतलं. चारही पाय गुलाबी. डॉक्टर म्हणाले, काही घोडी काळी जन्मतात आणि वाढता वाढता पांढरी होतात. केस बदलतात, खालची कातडी तीच राहते. पट्टा आहे तिथेच आहे, फक्त आता पांढऱ्यात पांढरा दिसत नाही. हिची आई पांढरी होती का? म्हटलं, नीट पाहिली नव्हती. विद्युल्लता माझ्याकडे बघतच राहिली.
लाज वाटली. खरोखर वाटली. उद्याच जामसरला जाणार आणि सगळ्यांसमोर माफी मागणार.

२ ऑक्टोबर, दसरा
ताप. थर्मामीटरमध्ये दिसत नाही, आतला आहे. मिरवणुकीचा ढोल घरापर्यंत येत होता. ऑफिसातल्या परागचा फोन, भास्करराव, पंचकल्याणी कुठाय? राँग नंबर म्हणून ठेवला.

५ ऑक्टोबर
जामसरची एसटी चुकली. डेपोत उभा होतो, ती समोरून गेली.

१२ ऑक्टोबर
रिकाम्या हाताने कसं जायचं? दिवाळीला साडी घेऊन जाऊ. माफी सणाला शोभते.

२१ ऑक्टोबर
साडी घेतली, हिरवी. रंग आवडेल का? विद्युल्लता म्हणाली, चोर म्हणायला गेलात तेव्हा काही नेलं नव्हतं. कोकिळा चारा हुंगते आणि सोडते. दिवसभर फाटकाकडे तोंड करून उभी.

९ नोव्हेंबर, रविवार
गेलो. भागीच्या दाराला कडी. शेजारची मालू म्हणाली, भिवंडीकडं गेली वीटभट्टीवर, यंदा सगळ्यांच्या आधी. नाव खराब झालं, मग इकडं कामाला कोण बोलवतो? साडी परत आणली. जेवण गेलं नाही. विद्युल्लतेनं आग्रहही केला नाही.

१ मार्च २०२६, रविवार
शिमग्याला भट्टीवरची माणसं घरी येतात. कोकिळेला घेऊन पायी निघालो. वाटभर वाक्य पाठ केलं: भागी, मी चुकलो, तू चोर नाहीस. थंडीचे केस गळून कोकिळा आता दुधासारखी पांढरी झालीय, ठिपकेही पुसट. भागी अंगणात होती. वाळलीय. आली, घोडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, साहेब, आपली घोडी कुठं इकली?
हसत होती की नव्हती, सांगता येणार नाही.
तेवढ्यात कोकिळेनं तिच्या पदरात तोंड खुपसलं. पाडा गोळा झाला होता, तीच माणसं. हीच वेळ होती. मी वाक्य म्हटलं. म्हणजे ओठ हलवले. मालू म्हणाली, साहेबानं घोडी बदलली वाटतं! लोक हसले. तेव्हा भागी मोठ्यानं, पार शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, नाय गं, हीच ती. साहेबाला उगी नावं ठेवू नका.
मी मान हलवली.
कोकिळेला तिच्याकडेच ठेवून आलो. साडी पिशवीतच राहिली. माफी पुढच्या रविवारी मागीन. आज घसा बसला होता.